चिकटवलेला रिटेनर निवडताना: कोणती तार, कुठल्या दातांवर, आणि बिघडली तर कळणार कशी

ब्रेसेस निघाल्या त्या दिवशी दात रांगेत असतात, पण पक्के झालेले नसतात. मुळांभोवतीचं हाड नव्या जागी घट्ट व्हायला काही महिने लागतात. हिरडीतले लवचीक तंतू त्याहून सावकाश बदलतात. गोल फिरलेला दात सरळ केला असेल, तर ते वर्षभर त्याला जुन्या दिशेला ओढत राहू शकतात. शिवाय खालच्या पुढच्या दातांची दाटी वयाबरोबर वाढतच जाते, ज्यांनी कधी ब्रेसेस लावल्या नाहीत त्यांचीसुद्धा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातून १९८१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आजही दाखला म्हणून दिला जातो. उपदाढा काढून उपचार झालेले ६५ रुग्ण, रिटेनर (सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन) बंद करून किमान १० वर्षं झालेली, आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांची रांग पुन्हा बिघडलेली. याचा दोष घरोघरी अक्कलदाढेला दिला जातो. पण अक्कलदाढ नसलेल्यांचे दातही असेच सरकतात, त्यामुळे निव्वळ दाटी टाळायची म्हणून ती काढून घेण्यात अर्थ नाही.

दात जागेवर ठेवण्याचा सर्वांत कमी कष्टाचा उपाय म्हणजे त्यांच्या जिभेकडच्या बाजूला चिकटवलेली बारीक तार. कुणी तिला फिक्स्ड रिटेनर म्हणतं, कुणी मागची तार. ती दिसत नाही, रोज घालायची-काढायची आठवण ठेवावी लागत नाही, हरवत नाही. प्रकार मात्र बरेच आहेत, आणि डॉक्टर आपल्या हाताला सवय असलेला प्रकार सुचवतात. ते चूक नाही, कारण सरावलेल्या हाताने बसवलेली साधी तार नवशिक्या हाताने बसवलेल्या महागड्या तारेपेक्षा जास्त टिकते. तरी तुमच्याकडून दोन प्रश्न जायलाच हवेत. माझ्या तोंडात कोणता दात परत फिरण्याची शक्यता जास्त आहे? आणि ही तार बिघडली तर मला ते कळेल का? दुसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि बरंचसं नुकसान तिथेच होतं.

आधी ठरवा, अडवायचं काय आहे

उपचारापूर्वीचे फोटो किंवा दातांचा साचा समोर ठेवून बोला. खालच्या पटाशीच्या दातांत दाटी होती, तर तार एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, म्हणजे सहा दातांवर जाते. वरच्या मधल्या दोन दातांत फट होती, तर निदान त्या दोन दातांना मागून एकत्र बांधावंच लागतं. फट हा असा दोष आहे की पंधरा वर्षांनी तार काढली तरी ती परत उघडू शकते. वरचे पटाशीचे दात फिरलेले किंवा एकावर एक चढलेले होते, तर चारही दात घ्यायचे. टाळूत अडकलेला सुळा ओढून खाली आणला असेल, तर तार त्या सुळ्यापर्यंत न्यायची. उपदाढ काढून मिटवलेली जागा पुन्हा उघडण्याची भीती असेल, तर सुळ्याच्या मागच्या दातापर्यंत.

हिरड्यांच्या आजाराने हाड झिजून दात पसरले होते आणि ते आता जवळ आणले आहेत, अशा प्रौढ रुग्णांत सगळे पुढचे दात एकमेकांना बांधून ठेवणं हा उपचाराचाच भाग असतो.

पुढच्या दातांवरची तार जबड्याची रुंदी धरून ठेवू शकत नाही. टाळू रुंद केला असेल, दाढा बाहेर सरकवल्या असतील, तर चिकटवलेल्या तारेच्या जोडीला काढता-घालता येणारी प्लेट लागतेच. उघडा चावा, म्हणजे पुढचे दात एकमेकांना न टेकणं, बरा केला असेल तर तिथेही एकट्या तारेवर भिस्त ठेवू नका. 'मागे तार आहे, आता प्लेट कशाला' असं समजून प्लेट कपाटात टाकली, आणि वर्षभराने दाढांचा चावा बदलला, हे वारंवार घडतं.

फक्त दोन सुळ्यांवरची जाड तार

हा सर्वांत जुना प्रकार. स्टेनलेस स्टीलची ०.०३० ते ०.०३२ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडी जाड तार मधल्या चार दातांच्या पाठीला टेकून जाते, पण चिकटवलेली असते ती फक्त दोन्ही सुळ्यांना. चिकटवण्याच्या जागा दोनच, त्यामुळे सुटण्याच्या जागाही दोनच. मधल्या दातांत नेहमीसारखा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा धागा, जातो. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे एक टोक सुटलं की तार जिभेला टोचते, हलते, आणि तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करता. बिघाड लपत नाही.

उणीव अशी की मधले चार दात मागे जाऊ शकत नाहीत, पण थोडे फिरू शकतात किंवा पुढे सरकू शकतात. ज्यांच्या खालच्या दातांत मुळात थोडीच दाटी होती आणि एखादा दात गोल फिरलेला नव्हता, त्यांच्यासाठी ही तार पुरेशी आहे. आजकाल ती जरा मागे पडली आहे. आमच्या मते ते योग्य नाही. फ्लॉस करायला कंटाळा करणाऱ्या, तपासणीला वर्ष-वर्ष न येणाऱ्या माणसासाठी ही तार सहा दातांवरच्या तारेपेक्षा सुरक्षित ठरते.

सहाही दातांवरची पिळाची तार

नॉर्वेचे ब्योर्न झाक्रिसन यांनी १९७७ साली चिकटवलेल्या रिटेनरवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि पुढे प्रत्येक दातावर चिकटवायची पिळाची तार जगभर रूढ झाली. बारीक तारा एकत्र पिळून ती बनते. जाडी ०.०१७५, ०.०१९५ किंवा ०.०२१५ इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. पिळामुळे ती लवचीक राहते, म्हणून चावताना प्रत्येक दात त्याच्या नैसर्गिक प्रमाणात किंचित हलू शकतो. पिळांच्या खाचांत कॉम्पोझिट, म्हणजे तार दाताला चिकटवणारा मसाला, चांगलं धरतं. रांग राखण्यात ही सरस, कारण प्रत्येक दात स्वतंत्रपणे बांधलेला असतो.

पण चिकटवण्याच्या जागा सहा. त्यांतली एखादी सुटली, तर तार बाकीच्या पाच दातांना घट्ट असते, टोचत नाही, हलत नाही. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. सुटलेला तो दात मात्र मोकळा असतो, आणि काही आठवड्यांत पुढे येतो किंवा फिरतो. शिवाय सुटलेल्या कॉम्पोझिटच्या गोळ्याखाली अन्न साचून कीड लागू शकते. म्हणून ही तार घ्यायची तर घरी तपासणी करायची सवयही घ्यायची. पुढे ती सांगितली आहे.

मऊ तारा, साखळ्या आणि चपट्या वेण्या

जराही ताठपणा नसलेली मऊ तार, सोनेरी मुलामा दिलेली बारीक साखळी, किंवा वेणीसारखी विणलेली चपटी पट्टी, हे प्रकार बोटांनीच दातांच्या आकारावर बसवता येतात. लॅबची गरज नाही, एका बैठकीत काम होतं. मऊ असल्यामुळे बसवताना त्यांत ताण शिल्लक राहण्याचा धोका कमी. चपटी वेणी जिभेला सौम्य लागते, आणि खोल चाव्यात, म्हणजे वरचे दात खालच्यांना बरेच झाकतात तेव्हा, जागा कमी असते तिथे तिचा चपटेपणा उपयोगी पडतो.

मऊपणा हीच मर्यादाही आहे. कडक घास सतत त्याच जागी आपटला तर दोन दातांमधला तारेचा भाग वाकतो, आणि वाकलेली तार दाताला नव्या दिशेने ढकलू लागते. मोठी फट मिटवलेली असेल तिथे साखळीवर विसंबू नये. थोड्या दाटीच्या, कमी जोराच्या चाव्याच्या तोंडात ती चालते.

संगणकावर आखलेली तार

तोंडाचं स्कॅनिंग करून संगणकावर तार आखायची आणि यंत्राने तशीच कापून किंवा वाकवून घ्यायची, हा नवा मार्ग. यातली मेमोटेन ही जर्मनीत विकसित झालेली तार निकेल-टायटॅनियमची, ०.०१४ × ०.०१४ इंचाची, म्हणजे नेहमीच्या पिळाच्या तारेपेक्षा बारीक. ती दाताच्या पाठीवर अगदी चपखल बसते, दोन दातांमधल्या खाचेत थोडी शिरते, आणि चावा लागणारी जागा आधीच पाहून टाळता येते. वरच्या दातांसाठी, जिथे खालचे दात येऊन आपटतात, हा फायदा खरा आहे.

दुसरी बाजूही ऐका. निकेल-टायटॅनियम हा आकार लक्षात ठेवणारा धातू. तो जागेवर वाकवून जुळवता येत नाही. स्कॅन घेतल्यानंतर आणि तार येईपर्यंतच्या दिवसांत एखादा दात हलला, तर तार बसणार नाही. ओढून बसवली तर ती दात हलवायचंच काम करील. म्हणून स्कॅन ते बसवणं यांत दात ब्रेसेसने किंवा प्लेटने धरून ठेवलेले हवेत. तार तुटली तर बहुधा नवीच मागवावी लागते. खर्च जास्त, आणि ती पिळाच्या तारेपेक्षा निश्चित अधिक टिकते असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा. अचूक बसते हे खरं. चिकटवण्याचं काम तेच, आणि ते करणारा हातही तोच.

धाग्यांच्या पट्ट्या

काचेच्या किंवा पॉलिएथिलिनच्या धाग्यांची पट्टी राळेत भिजवून दातांवर चिकटवतात. धातू नाही, रंग दातासारखा, बारीक पारदर्शक दातांतून काळसर झाक दिसत नाही. निकेलची ॲलर्जी असलेल्यांना हा एक मार्ग आहे. टायटॅनियमची तार हा दुसरा. लक्षात ठेवा, स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण ८ टक्के निकेल असतं आणि निकेल-टायटॅनियममध्ये निम्म्याहून अधिक. खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने कातडीवर पुरळ उठत असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

पट्टीचा दोष तिच्या ताठपणात आहे. दातांना चावताना जे किंचित हलायचं असतं ते पट्टी होऊ देत नाही, म्हणून मधे तडा जातो किंवा एखाद्या दातावरून ती उचकटते. बसवताना थुंकीचा एक थेंब लागला तरी पकड बिघडते. दुरुस्तीही कटकटीची, कारण बऱ्याचदा पट्टीचा मोठा भाग घासून काढावा लागतो. हाड झिजून हलणारे दात एकत्र बांधायला पट्टी चांगली. पण निरोगी दात असलेल्या विशीतल्या मुलामुलींना ती केवळ दिसायला छान म्हणून बसवू नये.

बसवताना काय व्हायला हवं

हे काम डॉक्टरांचं, पण पायऱ्या माहीत असल्या की काय चुकतंय ते कळतं. शक्य तिथे तार ब्रेसेस काढण्यापूर्वीच किंवा त्याच बैठकीत चिकटवतात, म्हणजे मधल्या काळात दात हलत नाहीत. आधी दातांच्या पाठीवरचं कीट पूर्ण काढायचं, मग तेल आणि फ्लोराइड नसलेल्या प्युमिसने, म्हणजे बारीक घासणाऱ्या पुडीने, घासायचं. कीटावर चिकटवलेलं कॉम्पोझिट कीटासकट निघून येतं. लवकर सुटलेल्या तारांमागे हे कारण नेहमी सापडतं.

मग कापसाच्या गुंडाळ्या, गाल ओढून धरणारी चौकट आणि थुंकी ओढणारी नळी लावून दात कोरडे ठेवायचे. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल १५ ते ३० सेकंद, भरपूर पाण्याने धुणं, हवेने वाळवणं. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, खडूसारखं पांढुरकं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, किंवा मधेच थुंकी लागली, तर ॲसिडपासून पुन्हा सुरुवात. त्यावर बाँडिंगचा, म्हणजे पकड देणाऱ्या गोंदाचा, पातळ थर, मग तार, मग कॉम्पोझिट. प्रत्येक दातावर कॉम्पोझिट कडक करणारा निळा प्रकाश १० ते २० सेकंद, दिव्याच्या ताकदीप्रमाणे. तारेवर कॉम्पोझिटचा थर निदान १ मिलिमीटर हवा, आणि कडा दाताकडे उतरत गेलेल्या हव्यात. थर पातळ असला तर जीभ, अन्न आणि ब्रश यांनी तो झिजतो, तार उघडी पडते आणि गोळा दातावर राहून तारच त्यातून निसटते.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तार चिकटवण्यापूर्वीच दातांच्या पाठीला आपोआप टेकलेली असली पाहिजे. बोटाने किंवा चिमट्याने दाबून धरून प्रकाश मारला, तर तारेत ताण अडकतो. स्प्रिंगसारखी ती पुढची काही वर्षं तो ताण दातांवर सोडत राहते. म्हणून ती साच्यावर किंवा स्कॅनवरून वाकवून आणतात आणि सिलिकॉनच्या छोट्या साच्याने जागेवर धरतात. तुम्ही विचारू शकता: "डॉक्टर, तार न दाबता बसतेय ना?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

तारेची उंचीही पाहावी. हिरडीला चिकटून नको, नाहीतर कीट साचतं. दाताच्या टोकाजवळही नको, नाहीतर समोरचे दात आपटतात. वरच्या तारेच्या बाबतीत शेवटी रंगीत कागद चावायला देऊन, बोलताना-चावताना-पुढे सरकवताना खालचा दात तारेवर किंवा गोळ्यावर घासतो का ते तपासलंच पाहिजे. वरच्या तारा खालच्यांपेक्षा जास्त सुटतात, त्यांचं मोठं कारण हेच. चावा खूप खोल असेल, खालचे दात वरच्या दातांच्या पाठीला पूर्ण टेकत असतील, तर तार लावण्याचा हट्ट धरू नका. तिथे रात्रीची प्लेट बरी. रात्री दात खाण्याची सवय असेल तरीही हाच विचार करावा.

तार शाबूत, तरी दात वाकडे

२००७ साली कात्सारोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र बिघाड मांडला: तार कुठेही सुटलेली नाही, तुटलेली नाही, तरी दात हलत आहेत. एखाद्या पटाशीच्या दाताचं मूळ ओठाच्या बाजूला हाडाबाहेर ढकललं जातं, किंवा एका बाजूचा सुळा ओठाकडे आणि दुसऱ्या बाजूचा जिभेकडे कलतो. पिळलेली सुतळी दोन्ही टोकांना घट्ट बांधली तरी तिचा पीळ उलगडायला बघतोच, तसंच काहीसं पिळाच्या तारेत होतं. बसवतानाचा ताण, कडक घासाने वाकलेली तार, उलगडणारा पीळ, यांपैकी एक किंवा सगळीच कारणं असू शकतात. हे क्वचित होतं, पण झालं तर मोठं नुकसान करतं, कारण रुग्णाचा तारेवर पूर्ण विश्वास असतो.

खुणा अशा: एकाच दाताची हिरडी खाली सरकून तो शेजाऱ्यापेक्षा लांब दिसू लागणं, त्या दाताच्या मुळाचा उंचवटा बोटाला लागणं, दातांच्या कडांची रेघ एका बाजूला चढती आणि दुसरीकडे उतरती होणं, जिथे नव्हती तिथे फट येणं. यातलं काहीही दिसलं तर तार 'अजून घट्ट' करून घेऊ नका. ती काढायला हवी. पुढे अलाइनर (दात सरकवणाऱ्या पारदर्शक प्लेट) किंवा ब्रेसेस लावून दात परत जागेवर आणावे लागतात. हे काम ऑर्थोडॉन्टिक्समध्ये (दात सरळ करण्याच्या शाखेत) एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या तज्ज्ञाकडेच करून घ्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आणि गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथेही हा विभाग आहे.

घरची तपासणी, महिन्यातून एकदा

चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा. खालच्या दातांसाठी दुसरा छोटा आरसा तोंडात धरा, किंवा मोबाइलचा कॅमेरा वरून धरून फोटो काढा. प्रत्येक गोळ्याभोवती काळसर रेघ दिसते का पाहा. तिथून कॉम्पोझिट उचललं गेलेलं असू शकतं. एका बोटाने दात पुढून हळूच दाबा आणि दुसऱ्या बोटाचं टोक मागे तारेवर ठेवा. दात हलतो आणि तार जागीच राहते असं जाणवलं, तर तो दात सुटलाय. फ्लॉस गोळ्याच्या खालून, म्हणजे दात आणि कॉम्पोझिट यांच्या मधून जात असेल, तर शंकाच नको.

याहून पक्की कसोटी म्हणजे रात्रीची पारदर्शक प्लेट. चिकटवलेली तार बसवल्यानंतर, तिच्यासकट माप घेऊन एक प्लेट करून घ्याच. आठवड्यातून काही रात्री ती घाला. काल सहज बसणारी प्लेट आज एखाद्या दातावर घट्ट लागली, तर तो दात सरकतोय. डोळ्यांना दिसण्याआधी प्लेट सांगते. तार सुटली तर दुरुस्तीपर्यंत हीच प्लेट दात धरून ठेवते. फक्त गरम पाण्यात धुऊ नका, ती वाकडी होते.

सफाई

खालच्या पुढच्या दातांच्या मागेच लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून कीट सर्वांत आधी तिथेच जमतं, आणि नेमकी तिथेच तार आहे. ब्रश उभा धरून त्याच्या टोकाने प्रत्येक दाताची पाठ वेगळी घासा. तारेच्या वर आणि तारेच्या खाली, दोन्हीकडे. फ्लोराइडचं साधं टूथपेस्ट पुरे. राखुंडी, मशेरी, कोळशाची पावडर आणि खरखरीत दंतमंजन यांनी कॉम्पोझिट झिजतं. मशेरीत तर तंबाखूच आहे, तिने हिरड्यांचंही नुकसान होतं. कीट जावं म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर चोळणं हा उपाय नव्हे. आम्ल एनॅमल विरघळवतं, कीट तसंच राहतं.

फ्लॉससाठी सुपरफ्लॉस घ्या. त्याचं एक टोक कडक असतं. ते दोन दातांच्या मधून तारेच्या खालून पलीकडे काढायचं, मग मधला स्पंजसारखा भाग दातांच्या कडेला घासत हिरडीपर्यंत वर-खाली चार-पाच वेळा फिरवायचा, आणि एका बाजूने ओढून बाहेर काढायचा. साधा फ्लॉस असेल तर ओवण्याचं प्लॅस्टिकचं वेटोळं मिळतं. रोज रात्री एकदा. सुरुवातीला वेळ लागतो, दोन आठवड्यांत हात बसतो. पाण्याच्या धारेचं यंत्र फ्लॉसला पर्याय नाही, पण ज्यांच्या बोटांना हे जमतच नाही त्यांनी निदान ते तरी वापरावं. दर सहा महिन्यांनी स्केलिंग, म्हणजे डॉक्टरांकडून कीट खरवडून काढणं, करून घ्या, आणि बसण्यापूर्वीच सांगा की मागे तार आहे, म्हणजे स्केलरचं टोक गोळ्याच्या कडेवर फिरवलं जाणार नाही.

ऊस सोलणं, कणसाला तोंड लावणं, अख्खा पेरू किंवा कैरी पुढच्या दातांनी तोडणं, कडक चिक्की, सुपारी, बर्फ, नळीचं हाड हे सगळं तारेला वाकवतं. पदार्थ वर्ज्य नाहीत, पुढच्या दातांनी तोडणं वर्ज्य आहे. तुकडे करून दाढांनी चावा. भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे दाढांना चालतात. दाताने दोरा तोडणं, पेनाचं टोपण आणि नखं चावणं मात्र सोडाच.

सुटली किंवा तुटली तर

ओढून काढू नका. अर्धी सुटलेली तार ओढली तर चांगली चिकटलेली बाजूही वाकते. टोक टोचत असेल तर ब्रेसेसचं मेण कोरड्या तारेवर दाबून बसवा. प्लेट असेल आणि बसत असेल तर दिवस-रात्र घाला, फक्त जेवताना काढा. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तारेचा तुकडा गिळला गेला तर बहुधा तो आपोआप निघून जातो, तरी डॉक्टरांना कळवा. पण तुकडा नाहीसा झाल्यावर ठसका थांबत नाही, श्वासाला आवाज येतो, दम लागतो असं झालं तर थांबू नका, थेट रुग्णालयात.

एकच गोळा सुटला असेल आणि दात हलला नसेल, तर तिथलं जुनं कॉम्पोझिट साफ करून फक्त तो परत चिकटवतात. दात सरकलेला असेल तर तार त्याच्यामागे वाकवून चिकटवणं चुकीचं. तसं केलं की वाकडेपणाच कायम होतो. एकाच दातावर पुन्हापुन्हा सुटत असेल, तर दोष गोंदात शोधू नका. चावा तपासा. तार दोन दातांच्या मधे तुटली असेल तर तुकडा जोडत बसण्यापेक्षा नवी बसवणं बरं. बहुतेक गोळे सुटायचे तर पहिल्या सहा महिन्यांतच सुटतात, म्हणून त्या काळात तीन-तीन महिन्यांनी दाखवून या.

खर्चाचं आधीच बोला. ब्रेसेसच्या ठरलेल्या रकमेत रिटेनर धरला आहे का, रात्रीची प्लेट वेगळी आहे का, पहिल्या वर्षात सुटलेला गोळा परत चिकटवण्याचे पैसे घेतात का, हे लिहून घ्या. तार किती वर्षं ठेवायची, याचं खरं उत्तर आहे: जितकी वर्षं दात सरळ हवेत तितकी, आणि हिरड्या निरोगी आहेत तोवर. कीट आवरत नसेल, हिरड्यांतून रक्त येत राहत असेल, तर तार काढून प्लेटवर जाणं शहाणपणाचं.

डोक्याचा, जबड्याचा किंवा मानेचा एमआरआय सांगितला असेल, तर स्टीलच्या तारेने तोंडाजवळची प्रतिमा धूसर होऊ शकते. तार आहे म्हणून एमआरआय होत नाही असं सहसा नसतं, पण तंत्रज्ञाला आधी सांगा. नेमकी तीच जागा पाहायची असेल तर तार तात्पुरती काढावी लागते. सैल तार घेऊन यंत्रात जाऊ नका.

शहर किंवा देश बदलणार असाल तर जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: तारेचा प्रकार आणि जाडी, कोणकोणत्या दातांवर चिकटवली, तारीख, आणि तार बसवल्यानंतर दात कसे होते त्याचे फोटो. स्कॅन केलं असेल तर त्याची एसटीएल फाइलही, म्हणजे दातांच्या त्रिमितीय आकाराची संगणकीय फाइल, मागून घ्या. पुण्यात बसवलेली तार उद्या दुबईत सुटली, तर तिथल्या डॉक्टरला दात मुळात कुठे होते हे त्या फाइलवरून पाहता येतं, आणि तेवढ्यावरून नवी प्लेटही बनवून घेता येते.